गॅनिमीडच्या सीमेवर रेषा कोण तोडते? एका सिम्युलेशनचा प्रकरण अभ्यास

७ मे १९९७ रोजी नासाचे गॅलिलिओ यान गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहाजवळून गेले. गॅनिमीडशी ही चौथी भेट होती. मोहिमेच्या क्रमानुसार तिला जी-८ म्हणतात. यानाची उंची पृष्ठभागापासून सुमारे १६०० किलोमीटर होती, आणि ते गेले ते गुरूचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, ज्या बाजूने येऊन गॅनिमीडवर धडकतो त्याच बाजूने. गॅनिमीडला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. त्यामुळे वाटेत यानाने त्याच्या चुंबकावरणाची, म्हणजे त्या क्षेत्राच्या ताब्यातल्या प्रदेशाची, सीमा (मॅग्नेटोपॉज) आत शिरताना आणि बाहेर पडताना ओलांडली. सीमेजवळच्या नोंदी गुळगुळीत नाहीत. क्षेत्र एका दिशेकडून दुसरीकडे वळते खरे, पण त्या वळणावर चढउतार आहेत. त्यातला एक चढउतार तर पिळलेल्या क्षेत्ररेषांची मोळी यानावरून सरकत गेल्यावर दिसतो तसा आहे.

या नोंदी विचार करायला लावतात, कारण त्या वेळी बाहेर काहीच बदलत नव्हते. पृथ्वीवर येणारा सौरवात, म्हणजे सूर्यापासून वाहणारा प्लाझ्मा, सतत लहरत असतो. तिथे सीमा हलली तर दोष बाहेरच्या वाऱ्याला देता येतो. गॅनिमीडभोवतीचे बाह्य क्षेत्र गुरूच्या फिरण्याबरोबर बदलते, आणि त्या बदलाचा एक फेरा साडेदहा तासांचा असतो. यान सीमा ओलांडते ते काही मिनिटांत. तेवढ्या वेळापुरते बाहेरचे सारे स्थिर धरायला हरकत नाही. मग हालचाल येते कुठून? संशय जातो तो चुंबकीय पुनर्जोडणीवर, म्हणजे सीमेवर उलट दिशांच्या क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळण्यावर. आणि आपण संगणकावर गॅनिमीड उभा केला, तर ती हालचाल आपोआप उमटते का? उमटली, तर खऱ्या कारणाने उमटते का? हे प्रकरण या शेवटच्या प्रश्नाचे आहे.

आकडे

सिम्युलेशनला चार-पाच आकडे पुरवावे लागतात, आणि या प्रकरणात ते मोजकेच आणि बोलके आहेत. गॅनिमीडची त्रिज्या २६३४ किलोमीटर. विषुववृत्तावर पृष्ठभागाचे क्षेत्र सुमारे ७१९ नॅनोटेस्ला. जी-८च्या वेळी बाहेरचे, म्हणजे गुरूचे, क्षेत्र सुमारे ७७ नॅनोटेस्ला, आणि जवळपास सरळ दक्षिणेकडे. प्लाझ्मा येतो सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर वेगाने. त्यात ऑक्सिजन आणि गंधकाचे आयन असल्याने सरासरी आयन प्रोटॉनच्या सुमारे १४ पट जड धरतात, आणि घन सेंटिमीटरला असे ४ आयन.

यातून लगेच तीन गोष्टी निघतात. पहिली, अल्फवेन वेग, म्हणजे क्षेत्ररेषांवरून लहरी ज्या वेगाने धावतात तो वेग, सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर येतो. येणारा प्रवाह त्याहून मंद, म्हणून गॅनिमीडसमोर पृथ्वीसारखा धनुष्याघात, म्हणजे प्रवाह एकदम मंदावतो ती धनुष्याकार आघातलहर, तयार होत नाही. आघाताने ढवळलेला पट्टाही मध्ये येत नाही. दुसरी, द्विध्रुवाचे, म्हणजे गॅनिमीडसारख्या दोन ध्रुवांच्या चुंबकाचे, क्षेत्र अंतराच्या घनाने घटते. केंद्रापासून दोन त्रिज्यांवर ते ७१९ भागिले ८, म्हणजे सुमारे ९० नॅनोटेस्ला उरते. बाहेरच्या ७७ला ते जवळजवळ तुल्यबळ, आणि दिशा उलट. सीमा साधारण तिथेच असते. तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आयन जडत्व लांबी, म्हणजे ज्या अंतराखाली आयन क्षेत्ररेषांची साथ सोडतात ती लांबी, इथे सुमारे ४२५ किलोमीटर येते. सीमेचे केंद्रापासूनचे अंतर सुमारे ५२७० किलोमीटर. म्हणजे मोठ्या आणि लहान मापांत फरक जेमतेम बारा पटींचा.

पृथ्वीशी तुलना केली की याचे मोल कळते. पृथ्वीची सीमा सूर्याच्या बाजूला सुमारे दहा पृथ्वीत्रिज्यांवर, म्हणजे ६४ हजार किलोमीटरवर. तिथली आयन जडत्व लांबी ५० ते ७० किलोमीटर. फरक हजार पटींच्या घरात. सिम्युलेशनमध्ये अवकाशाची छोट्या छोट्या घरांची जाळी करून प्रत्येक घरात आकडेमोड करतात. तिन्ही दिशांत तेवढीच बारीक जाळी घालायची तर घरांची संख्या गॅनिमीडच्या पाच-सहा लाख पट होते. वर वेळेचा टप्पाही लहान करावा लागतो. पृथ्वीची मोठमोठी सिम्युलेशने वर्षानुवर्षे पृथ्वीत्रिज्येच्या आठव्या किंवा सोळाव्या भागाएवढ्या घरांवर चालली. सोळावा भाग म्हणजे ४०० किलोमीटर. ज्या थरात रेषा तुटतात तो थर अशा एका घरात सहा-आठ वेळा मावतो.

तुटण्याचा वेग

चुंबकीय पुनर्जोडणीचे मूळ चित्र साधे आहे. प्लाझ्मा उत्तम वाहक असल्याने तो आणि क्षेत्ररेषा एकमेकांना बांधलेल्या असतात. उलट दिशांच्या रेषा दोन बाजूंनी एकमेकींवर दाबल्या गेल्या की मधल्या पातळ प्रवाहथरात, म्हणजे विद्युतप्रवाह जिथे एकवटतो त्या थरात, ते बंधन सुटते. रेषा तुटतात, नव्या जोडीदाराशी जुळतात, आणि ताण सुटून प्लाझ्मा दोन्ही टोकांनी अल्फवेन वेगाच्या आसपास बाहेर फेकला जातो. १९६१ साली जेम्स डंगी यांनी पृथ्वीचे चुंबकावरण याच क्रियेने सौरवाताशी जोडले जाते असे मांडले. गॅनिमीडवर बाहेरचे क्षेत्र कायम दक्षिणेकडे आणि आतले विषुववृत्तापाशी उत्तरेकडे असल्याने हे दार कधीच बंद होत नाही.

वाद आहे तो वेगाचा. स्वीट आणि पार्कर यांनी १९५०च्या दशकात जे गणित केले त्यात पुनर्जोडणीचा दर लुंडक्विस्ट अंकाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येतो. हा अंक रोधकता, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, जितकी कमी तितका मोठा. अवकाशातला प्लाझ्मा जवळजवळ रोधरहित, म्हणून हा दर हास्यास्पद वाटावा इतका मंद निघतो. निसर्गात मात्र दर ०.१च्या आसपास दिसतो, म्हणजे रेषा अल्फवेन वेगाच्या दहाव्या भागाने थरात ओढल्या जातात. २००१ साली अनेक गटांनी एकाच प्रवाहथरावर आपापली सिम्युलेशने चालवून तुलना केली. 'जेम' आव्हान म्हणून ती ओळखली जाते. हॉल परिणाम, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वाटा वेगळ्या होणे, धरणारी सारी प्रतिरूपे, मग ती द्रवाची असोत वा कणांची, ०.१च्या जवळच्या दरावर आली. फक्त एकसमान रोधकता असलेले साधे चुंबकद्रवगतिकीचे, म्हणजे प्लाझ्माला चुंबकीय द्रव मानणारे, प्रतिरूप मागे राहिले.

इथे गॅनिमीडच्या सिम्युलेशनला लपलेला धोका आहे. समजा, आपण कोडमध्ये रोधकता अजिबात ठेवली नाही. समीकरणांनुसार रेषा तुटायलाच नकोत. तरी पडद्यावर त्या तुटताना दिसतात. कारण जाळीच्या एका घरात क्षेत्राची एकच सरासरी किंमत राहते. शेजारच्या दोन घरांत उलट दिशांची क्षेत्रे आली की आकडेमोडीच्या चुकीतून ती एकमेकांना थोडी थोडी खोडतात. ही जाळीची रोधकता. तिचा ढोबळ अंदाज करता येतो. अगदी साध्या, पहिल्या क्रमाच्या पद्धतीत तिच्यामुळे येणारा लुंडक्विस्ट अंक थराची लांबी भागिले घराची लांबी, याच्या एक-दोन पट असतो. लांबी दोन गॅनिमीड त्रिज्यांची आणि घर त्रिज्येच्या बत्तिसाव्या भागाचे धरले, तर हा अंक शंभराच्या आसपास जातो. शंभराचे वर्गमूळ दहा. दर ०.१!

म्हणजे ज्या प्रतिरूपात तुटण्याची भौतिकी नाहीच, तेही निसर्गाचा दर दाखवू शकते. आकडा बरोबर, कारण चुकीचे. अशा योगायोगावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते, कारण जाळी बारीक केली की हा दर घरंगळू लागतो, आणि चांगल्या यंत्रावर वाईट उत्तर आल्यासारखे दिसते. जाळी फारच बारीक केली आणि लुंडक्विस्ट अंक दहा हजारांच्या पुढे गेला की प्रवाहथर स्वतःच तुकडे होऊन चुंबकीय बेटांची, म्हणजे क्षेत्ररेषांच्या बंद वेटोळ्यांची, माळ होतो, आणि दर ०.०१च्या आसपास अडकतो. थोडक्यात, एकाच समीकरणसंचातून जाळीनुसार तीन वेगळ्या गोष्टी निघू शकतात.

पहिला उपाय : ठरवून घातलेली रोधकता

शियानझे जिया आणि सहकाऱ्यांनी २००८ ते २०१० दरम्यान गॅनिमीडची जी द्रव-प्रतिरूपे केली, त्यांत जाळीच्या भरवशावर न राहता रोधकता स्वतः घातली. ती सगळीकडे सारखी नव्हती. जिथे विद्युतप्रवाहाची घनता ठरावीक मर्यादा ओलांडेल तिथेच ती जागी व्हायची. या तरतुदीमुळे पुनर्जोडणी थराच्या एका लहान भागात एकवटली आणि वेगवान झाली. त्यांच्या २०१०च्या कामाचा मुद्दा नेमका जी-८च्या कोड्याशी भिडतो. बाहेरची परिस्थिती पूर्ण स्थिर ठेवूनही सीमेवरची पुनर्जोडणी स्थिर राहिली नाही. ती काही दहा सेकंदांच्या अंतराने उसळत राहिली.

हे यश मोठे होते. पण मर्यादा आणि रोधकतेची किंमत माणसाने निवडलेली. उसळ्यांचा काळ त्या निवडीवर किती अवलंबून आहे, हे प्रतिरूपाच्या आतून सांगता येत नाही.

हॉल परिणाम आणि मोडलेली समरूपता

दुसरी वाट २०१५ साली जॉन डोरेली आणि सहकाऱ्यांनी चोखाळली. समीकरणांत हॉल पद घातले की आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वाटा वेगळ्या होतात. आयन जडत्व लांबीच्या खाली आयन रेषा सोडतात, इलेक्ट्रॉन मात्र चिकटून राहतात, आणि दर रोधकतेवर अवलंबून राहत नाही. पण गॅनिमीडवर हॉल पदाने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती दरापेक्षा अधिक मोलाची वाटते. साध्या द्रव-प्रतिरूपात चुंबकावरणाची गुरूकडची बाजू आणि गुरूच्या विरुद्ध बाजू जवळपास सारख्या दिसतात. हॉल पद आले की ही समरूपता मोडते. आतला प्लाझ्मा एका बाजूकडे झुकून वाहतो, क्षेत्ररेषांच्या दिशेने वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांची रचना बदलते. पुनर्जोडणीच्या थरातली क्रिया थरापुरती राहत नाही, ती साऱ्या चुंबकावरणाच्या अभिसरणात उतरते. लहान आणि मोठ्या मापांत फक्त बारा पटींचा फरक असल्यावर दुसरे काय होणार!

तिसरा उपाय : द्रवाच्या पोटात कण

२०१६ साली गाबोर टोथ आणि सहकाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या बॅट्स-आर-यूएस या द्रव-कोडच्या आत आयपिक-थ्रीडी हा कण-कोड बसवला. जिथे पुनर्जोडणी अपेक्षित आहे तेवढ्या पेट्यांत आयन आणि इलेक्ट्रॉन खऱ्या कणांसारखे चालवायचे, बाकी सगळीकडे द्रव. दोन्ही बाजू एकमेकींना सतत माहिती देत राहतात. कण-कोड अव्यक्त पद्धतीचा असल्याने (प्रत्येक टप्प्याची उत्तरे समीकरणे एकत्र सोडवून काढणारा) त्याला डेबाय लांबी, म्हणजे प्लाझ्मातले सर्वांत लहान माप, जाळीत पकडावी लागत नाही. त्रिज्येच्या बत्तिसाव्या भागाचे, म्हणजे ८२ किलोमीटरचे घर घेतले तरी आयन जडत्व लांबीत पाच घरे बसतात. इलेक्ट्रॉन मात्र खऱ्यापेक्षा जड धरावे लागतात. ही तडजोड या क्षेत्रात सर्रास करतात आणि ती विसरता कामा नये.

निकाल असा. हॉल-द्रव आणि कण-जोड या दोन्ही प्रतिरूपांचे एकूण चित्र सारखेच. आतली घनता आणि दाब यांत मात्र ठळक फरक. त्या कामातल्या मूळ जाळीवर कण-जोड प्रतिरूप अधिक चंचल निघाले आणि जी-८च्या चुंबकीय नोंदींशी बरेच चांगले जुळले. चढउतारांची ऊर्जा वेगवेगळ्या वारंवारतांत कशी वाटली आहे तेही नोंदींप्रमाणेच आले. पिळलेल्या रेषांच्या मोळ्या तयार झाल्या, आणि त्यांतल्या काहींची खूण यानाने टिपलेल्या खुणेसारखी होती. त्यांची दिशा विषुववृत्ताच्या पातळीवर एक आणि यानाच्या वाटेवर भलतीच असते, हेही दिसले. एका यानाच्या नोंदीवरून मोळीची दिशा ताडणे का अवघड, ते यातून उलगडते. एवढे करून खर्च वाढला तो हॉल-द्रव प्रतिरूपाच्या चौपट. मी हा आकडा पुन्हा पुन्हा वाचतो. पूर्ण चुंबकावरण कणांनी भरायचे ठरवले असते तर खर्चाची गणती वेगळ्याच घरात गेली असती.

२०२० साली होंगयांग झोऊ आणि सहकाऱ्यांनी सुधारित कोडने हेच पुढे नेले. त्यांच्या निकालात सीमेवर मिनिटाला सुमारे तीन मोळ्या बनतात, प्रत्येकीची लांबी गॅनिमीडच्या त्रिज्येएवढी. एकूण पुनर्जोडणी, सीमेवरच्या विद्युतदाबात मोजली तर, सुमारे ८० किलोव्होल्ट, म्हणजे येणाऱ्या प्रवाहाच्या विद्युतदाबाच्या ६० टक्के.

हे आकडे हाताने तपासून पाहण्यासारखे आहेत. अल्फवेन लहरीला सीमेपासून केंद्रापर्यंतचे अंतर कापायला सुमारे २४ सेकंद लागतात. मिनिटाला तीन म्हणजे दर वीस सेकंदांना एक मोळी. म्हणजे मोळ्यांचा ताल चुंबकावरणाच्या मोठ्या मापाशी मिळतो. विद्युतदाबाचे पाहा : १४० किलोमीटर वेग आणि ७७ नॅनोटेस्ला यांच्या गुणाकाराने मीटरला सुमारे ११ मिलिव्होल्ट येतात, अडथळ्याची रुंदी चार त्रिज्या धरली तर एकूण ११४ किलोव्होल्ट. ८० हे ६० टक्के असतील तर एकूण १३३ व्हायला हवेत, म्हणजे परिणामी रुंदी चार त्रिज्यांहून थोडी जास्त. जुळते.

मग ६० टक्के आले कसे? बाहेरच्या क्षेत्राने आणि घनतेने ०.१चा नियम लावला तर मीटरला १.७ मिलिव्होल्टच निघतात, येणाऱ्याच्या सहाव्या भागाएवढे. इथेच मोठ्या आणि लहान मापांची देवाणघेवाण दिसते. पुनर्जोडणीचे विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाने वाढते. तुटण्याचा वेग अपुरा पडला की येणारे क्षेत्र सीमेपाशी साठते, आणि ते दीडपट झाले तरी विद्युतक्षेत्र सव्वादोन पट होते. आतल्या बाजूचा प्लाझ्मा विरळ असल्याने बाहेर फेकण्याचा वेगही वाढतो. उरलेला प्रवाह बाजूंनी वळसा घालून निघून जातो. एकूण दर ठरवण्यात बाहेरच्या प्रवाहाचा हात मोठा आहे. म्हणूनच वाईट रोधकतेची प्रतिरूपेही एकूण विद्युतदाब बरा सांगतात. त्यांचे पितळ उघडे पडते ते मोळ्यांचा आकार, आतला दाब, दोन बाजूंतला फरक आणि चढउतारांचा वारंवारता-वर्णपट तपासल्यावर. एकूण दर जुळला म्हणून पुनर्जोडणी बरोबर झाली असे मानणाऱ्या कोणत्याही निष्कर्षावर मी भरवसा ठेवणार नाही.

आठ टक्क्यांचा अडसर

गॅनिमीडवर यश मिळाल्यावर हीच रीत पृथ्वीला लावण्याचा मोह साहजिक होता. २०१७ साली टोथ यांच्याच गटाने त्यासाठी एक युक्ती मांडली. आयन जडत्व लांबी कृत्रिमरीत्या वाढवायची. त्रिमितीत खर्च त्या पटीच्या चौथ्या घाताने घटतो; सोळा पट वाढवली तर पासष्ट हजार पटींहून अधिक बचत. अट एकच : वाढवलेली लांबी सीमेच्या अंतराच्या सुमारे ५ टक्क्यांपेक्षा कमी राहिली पाहिजे. द्विमितीय प्रयोगांत ही अट पाळली की मोठे चित्र बिघडले नाही आणि बेटे त्याच रीतीने वाढली. पृथ्वीसाठी ५ टक्के म्हणजे सुमारे ३२०० किलोमीटर. सोळा पट केलेली लांबी त्याच्या बरीच आत बसते.

आता हीच अट गॅनिमीडला लावून पाहू. तिथे कोणतीही युक्ती न करता, निसर्गतःच, हे प्रमाण ८ टक्के आहे. म्हणजे गॅनिमीड या मर्यादेच्या पलीकडे उभा आहे. तिथे आयनांचे माप मोठ्या रचनेत ढवळाढवळ करते, आणि हॉल परिणामाने मोडलेली समरूपता हा त्याचाच पुरावा. म्हणून गॅनिमीड ही कोड पारखण्याची उत्तम जागा असली, तरी तिथली प्रत्येक गोष्ट पृथ्वीवर नेता येणार नाही. कण-जोड पद्धत चालते, एवढे नेता येते. मोळ्या स्थिर परिस्थितीतही बनतात, हेही बहुधा नेता येते. दोन बाजूंतला फरक आणि आतल्या अभिसरणाचा कल मात्र गॅनिमीडचाच. पृथ्वीच्या सिम्युलेशनमध्ये लांबी फुगवताना कोणी ८ टक्क्यांपर्यंत गेले, तर नकळत पृथ्वीच्या जागी मोठा गॅनिमीड उभा राहील.

नोंदींची बाजू

गॅलिलिओची मुख्य अँटेना उघडलीच नाही, त्यामुळे प्लाझ्माच्या नोंदी तुटपुंज्या राहिल्या. प्रतिरूपांची परीक्षा प्रामुख्याने चुंबकीय क्षेत्रावर झाली. शिवाय यान एकटे होते. क्षेत्र हलले म्हणजे मोळी सरकली, की सीमाच पुढेमागे झाली, की तिच्यावर लाट उठली, हे एका यानाला ठामपणे वेगळे करता येत नाही. पृथ्वीजवळ २०१५पासून नासाच्या एमएमएस मोहिमेची चार याने एकमेकांपासून काही किलोमीटरवर उडतात आणि इलेक्ट्रॉनांचे वितरण ३० मिलिसेकंदांत मोजतात. गॅनिमीडला तशी सोय नाही. ७ जून २०२१ रोजी नासाचे जूनो यान सुमारे एक हजार किलोमीटर उंचीवरून गेले आणि बाहेर पडताना समोरच्या सीमेवर क्षेत्ररेषांच्या दिशेने धावणारे वेगवान इलेक्ट्रॉन त्याला भेटले. तिथे पुनर्जोडणी चालू होती याचा हा कणांच्या बाजूचा पुरावा. पण ती एकच वेळ.

१४ एप्रिल २०२३ रोजी निघालेले युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस यान २०३१मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि २०३४च्या अखेरीस गॅनिमीडभोवती कक्षेत जाईल. तेव्हा सीमेच्या प्रदेशाच्या नोंदी पुन्हा पुन्हा, गुरूच्या क्षेत्राच्या वेगवेगळ्या दिशांत घेता येतील. तपासायच्या गोष्टी आधीच लिहून ठेवता येतात : मोळ्या मिनिटाला तीनच्या आसपास येतात का; गॅनिमीड गुरूच्या दाट प्लाझ्मापटलातून बाहेर पडून विरळ भागात गेला आणि आयन जडत्व लांबी वाढली की दोन बाजूंतला फरकही वाढतो का; आणि आतला दाब हॉल-द्रवाच्या बाजूने कौल देतो की कण-जोडाच्या. यांतला दुसरा प्रश्न मला सर्वांत धारदार वाटतो. जाळीने रेषा तोडणाऱ्या प्रतिरूपात आयन जडत्व लांबी नसतेच, त्यामुळे हा फरक घनतेबरोबर कसा बदलेल याबद्दल ते प्रतिरूप काहीच सांगू शकत नाही.